विंडसर्फिंगसाठी वॉटरप्रूफ इअरफोन घेताय? या चुका टाळा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात मी सरळ विचारलं, “पाण्यात चालतील ना?” “चालतील की हो सर, फुल्ल वॉटरप्रूफ आहेत,” म्हणत दुकानदारानं काउंटरवरच्या स्टीलच्या ग्लासात एक इअरबड बुडवला, बाहेर काढला, पुसून माझ्या हातात दिला. गाणं चालूच होतं. मी तिथेच पैसे दिले. तीन आठवड्यांनी गोव्यात विंडसर्फिंग करताना, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर सरकताना, शिडासकट दुसऱ्यांदा पाण्यात आपटलो तेव्हा डावा इअरबड समुद्रात गेला तो गेलाच. उजवा संध्याकाळपर्यंत घोगरा वाजत राहिला आणि चार दिवसांनी बंद पडला. चार्जिंगच्या टोकांवर हिरवट थर आला होता.

ग्लासातलं पाणी स्थिर असतं, गोडं असतं आणि चार बोटं खोल असतं. आपण पडतो ते पाणी यातलं काहीच नसतं. सोलापुरातून समुद्रावर जाणारे आपण बहुतेक जण खरेदी इथेच, सुट्टीच्या आदल्या आठवड्यात उरकतो. तिथेच पहिली चूक होते.

फक्त मोठा आकडा बघणं

डब्यावर आयपीएक्स ४, ५, ७, ८ असं काहीतरी छापलेलं असतं. वस्तू पाण्याला किती दाद देत नाही, याचं ते मानांकन. ४ म्हणजे शिंतोडे आणि घाम. ५ आणि ६ म्हणजे नळीतून जोरात मारलेलं पाणी. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक बुडवण्याची चाचणी. पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते, म्हणून ते बारीक अक्षरात शोधून वाचावं लागतं. आता खरी गोम. बुडवण्याची चाचणी आणि फवाऱ्याची चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७ लिहिलेली वस्तू ६ मध्येही पास झालेली असतेच असं नाही. फळीवरून वेगात पडलो की पाणी कानावर थप्पड मारल्यासारखं बसतं, तो मारा फवाऱ्याच्या जास्त जवळचा. म्हणून दोन्ही आकडे दिलेली जोडी मिळाली तर तीच घ्या. पहिल्या आकड्याच्या जागी ‘एक्स’ असेल तर धुळीची चाचणी नोंदवलेली नाही, असं समजायचं. किनाऱ्यावरच्या वाळूचा विचार केला तर आयपी ६८ सारखं पूर्ण मानांकन बरं; यातला ६ धुळीचा, पाण्याचा आकडा फक्त ८.

आणि या सगळ्या चाचण्या गोड्या पाण्यातल्या आहेत. खाऱ्या पाण्याबद्दल हा आकडा काही सांगत नाही. वॉरंटीच्या कागदावर समुद्राच्या पाण्याबद्दल काय लिहिलंय, ते पैसे देण्याआधी वाचा.

कान बंद करणारे इअरफोन घेणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. विंडसर्फिंगमध्ये अर्धी माहिती कानातून येते. शिडाची कड फडफडायला लागली की वारा निसटतोय हे डोळ्यांआधी कानाला कळतं. मागून येणाऱ्या बोटीचं इंजिन, किनाऱ्यावरून शिकवणाऱ्याची हाक, हे सगळं ऐकू यायलाच हवं. सिलिकॉनचं बोंड कानात घट्ट बसवून तुम्ही तेच बंद करता. शिवाय कुशीवर आपटलात तर ते बोंड आत दाबलं जातं आणि कानाच्या पडद्यावर ताण येऊ शकतो.

म्हणून बोन कंडक्शन प्रकार पाहा. तो कानाच्या पुढच्या हाडावर टेकतो, कंपनं हाडातून आत जातात, कान मोकळा राहतो. वारा जोरात असला की गाणं दबतं, हे खरं. तेव्हा आवाज वाढवत नेऊ नका, गाणं बंद करा. आणि शिकण्याचे पहिले काही दिवस इअरफोन खोलीवरच ठेवा, मनापासून सांगतो.

ब्लूटूथ पाण्याखाली चालेल असं समजणं

ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. त्यामुळे तरणतलावात पोहताना ऐकायचं असेल तर इअरफोनमध्येच गाणी साठवायची सोय लागते. फळीवर डोकं वर असतं, तिथे ब्लूटूथ पुरतं. तरी आवाज सारखा तुटत असेल तर फोन कुठे बांधलाय ते बघा. कमरेच्या पट्ट्याखाली, ओल्या अंगाआड असेल तर तुटणारच. जलरोधक पाऊचमध्ये घालून दंडावर बांधा, एका बाजूला जमलं नाही तर दुसऱ्या दंडावर.

सुटे इअरबड नकोतच, पडले की तळाशी जातात. मानेमागून जाणारा पट्टा असलेली जोडी घ्या, तिला बारीक दोरी बांधून ती लाइफ जॅकेटला अडकवा. हेल्मेट वापरत असाल तर दुकानात हेल्मेट घालूनच बघा. पट्टा आणि हेल्मेटची कड एकमेकांना ढकलतात. स्पर्शावर चालणारी बटणं टाळा, पाण्याचे थेंबच गाणी बदलत बसतात. दाबायचं बटण हवं.

पाण्याबाहेर आल्यावरच्या चुका

माझा उजवा इअरबड समुद्रानं मारला नव्हता, तो मी मारला. ओला होता तसाच चार्जिंगला लावला. टोकांवर खारं पाणी असताना वीज सोडली की धातू खाल्ला जातो, हिरवा थर येतो तो त्याचाच. आता मी बाहेर आल्याबरोबर गोड्या पाण्याच्या बाटलीत इअरफोन हलवून धुतो, हलकेच झटकतो, रात्रभर पंख्याखाली ठेवतो आणि सकाळी चार्ज करतो. सोलापुरातल्या बोअरच्या पाण्यानं धुतलंत तर क्षारांचा पांढरा थर आवाजाच्या जाळीवर बसतो, म्हणून शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या.

आपला सोलापुरी टॉवेल अंग पुसायला उत्तम, इअरफोनला नको. त्याचे धागे जाळीत अडकतात. जुनी धुतलेली सुती ओढणी किंवा मलमल वापरा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, भुकटी आत जाते. उन्हातही नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. लिथियमची बॅटरी तिथेच म्हातारी होते.

आवाज दबका येतोय? जाळी खाली करून रात्रभर ठेवा, बहुतेक वेळा थेंब अडकलेला असतो. टाचणीनं उकरू नका. चार्ज होत नाही? बंद करून, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टोकं पुसा, वाळू द्या, मग लावा. इअरफोनचं अंग गरम लागत असेल किंवा फुगल्यासारखं दिसत असेल तर पुन्हा चार्जिंगला लावू नका.

आणि पडल्यानंतर कान दुखत असेल, कमी ऐकू येत असेल किंवा पाण्यासारखं, रक्तासारखं काही येत असेल, तर कानात कोमट तेल घालू नका, कुठले थेंबही नकोत. पडदा फाटला असेल तर ते सगळं आत जातं. कान कोरडा ठेवा आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.