मोहरीने शेतातील कॅडमियम काढताना

बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगला की बेळगाव शहराचे सांडपाणी शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात शिरते, आणि असे पाणी वर्षानुवर्षे मुरलेल्या रानात जड धातू साचले असतील का, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे निरसन आधी करावे. मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत जस्त व तांबे असतात, परंतु शिसे, कॅडमियम व क्रोमियम नसतात. म्हणून ही तपासणी प्रयोगशाळेला वेगळी सांगावी लागते. आठ-दहा ठिकाणची १५ सेंमी खोलीपर्यंतची माती लाकडी साधनाने काढून एकत्र करावी. दूषित पाणी बांधावर अडवल्याशिवाय पुढचा खटाटोप करू नये.

कॅडमियम, जस्त व निकेल मोहरी आणि सूर्यफूल पाल्यापर्यंत ओढून घेतात. शिसे व क्रोमियम मात्र बहुतांशी मुळांपाशीच अडकतात, तेव्हा तेथे एरंड किंवा वाळा लावून माती जागच्या जागी धरून ठेवणे एवढेच साधते.

भात निघाल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाफशावर मोहरी पेरावी. चुना टाकू नये, कारण आम्लता घटली की धातू मातीला चिकटून राहतात व पिकाला मिळत नाहीत. खाण्याचे पीक घ्यायचे असते तेव्हा नेमका हाच गुण उपयोगी पडतो. शेंगा भरू लागताच, पाने गळण्यापूर्वी, झाडे मुळांसकट उपटावीत. तो पाला जनावरांना घालू नये, उकिरड्यात टाकू नये, बांधावर जाळू नये. तो अधिकृत घातक कचरा हाताळणाऱ्याकडेच द्यावा, आणि पेरणीपूर्वीच ही सोय विचारून ठेवावी. प्रत्यक्षात बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

वेळेचा हिशेबही मांडून पाहावा. एका एकरातील १५ सेंमी मातीचे वजन सुमारे ९ लाख किलो धरले, तर किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम कमी करण्यासाठी ९०० ग्रॅम धातू बाहेर काढावा लागतो. वाळलेला पाला ३ टन आणि त्यात किलोमागे २० मिलिग्रॅम कॅडमियम मानले, तरी एका हंगामात ६० ग्रॅमच निघते, म्हणजे पंधरा हंगाम लागतात. तोवर त्या रानात मेथी, पालक, कोथिंबीर घेऊ नये, कारण पालेभाज्या कॅडमियम सहज शोषतात. झेंडू किंवा शेवंती लावावी आणि दर दोन वर्षांनी माती त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासावी.