लंडनला निघालेल्या सातारकर पोरांसाठी

मे महिन्यात साताऱ्याला आलो की पोवई नाका ते राजवाडा एवढ्यात कुणी ना कुणी अडवतंच. "काका, आमचा पोरगा सप्टेंबरात लंडनला चाललाय, जरा सांगा की त्याला." पोरगाही ठरलेलंच विचारतो. तूरडाळ मिळते का, थंडी सोसते का, पार्टटाइम काम मिळतं का. मिळते, सोसते, मिळतं. कुणी विचारत नाही ते आता सांगतो.

खोलीचा भाडेकरार स्वतःच्या नावावर करून घ्या. खोली देणारा मराठी आहे, घरच्यासारखा आहे, कंदी पेढे घेऊन गेलं की झालं, या भरवशावर राहू नका. ओळखीतल्या एका पोराला अशाच 'आपल्या' माणसाने रोखीत खोली दिली, कागद मात्र एक दिला नाही. डिपॉझिट तर बुडालंच, वर पत्त्याचा पुरावा नाही म्हणून बँकेत खातं उघडेना. इंग्लंडात घरमालकाने डिपॉझिट 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायचं असा कायदा आहे, पण मालक त्याच घरात राहत असेल तर तो लागू होत नाही. आपली पोरं नेमकी तिथेच राहतात. म्हणून पुन्हा सांगतो, कागद घ्या. पेढे नंतर द्या.

हाच कागद सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत उपयोगी पडतो. वाचनकक्षाचा पास फुकट असतो, फक्त ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा मागतात. कंपनी सरकारची आणि पुढे लंडनमधून भारताचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिसची सगळी दफ्तरं तिथे आहेत, मांडली तर सुमारे 14 किलोमीटर लांब भरतील एवढी. इंग्रजांना नावं ठेवायला मीही पुढे असतो, पण लुटताना त्यांनी पावतीसुद्धा जपून ठेवली, हे कबूल करावं लागतं. आत पेन चालत नाही, शिसपेन्सिल न्या. कागदपत्रं आधी मागवून ठेवा. साताऱ्याचं शोधताना इंग्रजीत दोन 'टी' घालून शोधा, जुन्या कागदांत तसंच लिहिलेलं असतं.

आणि शोधायचं तर रंगो बापूजी गुप्त्यांपासून सुरुवात करा. 1839 साली कंपनीने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं. त्यांची कैफियत मांडायला रंगो बापूजी लंडनला आले आणि सुमारे 14 वर्षं इथेच झुंजत राहिले. मधल्या काळात महाराज वारले, 1848 मध्ये राज्यच खालसा झालं, तरी हा माणूस अर्ज लिहितोय, भाषणं करतोय, पत्रकं छापतोय. व्हिसाच्या एका पत्रासाठी आपण सहा आठवड्यांत रडकुंडीला येतो. लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीची कचेरी होती. ती पाडून दीडशेहून जास्त वर्षं झाली, आज त्या जागी लॉइड्सची पोलादी नळ्यांची इमारत आहे. दुपारी सूटबूटवाले सँडविच खात बाहेर येतात, त्यांच्या गर्दीत उभं राहून एकदा वर बघा. तिकीट नाही, पाटीही शोधू नका. निघण्याआधी मात्र गेंडामाळावर जाऊन या. रंगो बापूजींच्या मुलाला, सीतारामला, 1857 मध्ये तिथेच देहदंड झाला. साताऱ्यात जन्म काढून तिथे न गेलेली पोरं मी बघतो, तेव्हा राग येतो.

बाबासाहेबांचं घर प्रिमरोज हिलजवळ आहे, 10 किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये ते तिथे राहिले. 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. 1900 साली ज्यांचं नाव राजवाड्यातल्या शाळेत घातलं, तेच हे, एवढं ध्यानात ठेवून जिना चढा. जवळचं स्टेशन चॉक फार्म.

साऊथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आपली पोरं वाघनखांसाठी धावतात. ती 2024 च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि पहिल्यांदा साताऱ्यातच मांडली गेली, त्यामुळे जाण्याआधी चौकशी करा. ती विलायतेला नेली ग्रँट डफने, साताऱ्यातल्या कंपनीच्या प्रतिनिधीने, म्हणजे रेसिडेंटने. ती शिवाजी महाराजांचीच का, याची खात्री संग्रहालय देत नाही. यावरून डोकी फोडू नका, इथले मराठी लोक एरवीही पुरेसे भांडतात.

डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे. गणपतीला जा, जेवण फक्कड असतं. पण दर शनिवारी तिथेच बसाल तर लंडनला येऊन डॉलिस हिलच बघाल.

बाकी थोडक्यात. मोठी सरकारी संग्रहालयं फुकट आहेत. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीला भारी तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला पैसे घेत नाहीत; फिरता येत नाही, बसून गाणं ऐका. बसमध्ये तासाभरात कितीही बदला, भाडं एकदाच कापतात. जुनी पुस्तकं चेरिंग क्रॉस रोडला. हिंडण्याच्या लाल डबलडेकर टूरवर पैसे घालवू नका, घालवलेत तर मला सांगू नका.

लायब्ररीचे वाचनकक्ष रविवारी बंद असतात. तो दिवस हायगेटला द्या. 65 क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू, म्हणजे सावरकर राहिले ते इंडिया हाऊस. खाजगी घर आहे, भिंतीवरची निळी पाटी बाहेरूनच वाचा आणि बेल दाबू नका.