पलटी नांगराचा जाम सिलिंडर खोलायला बसण्याआधी

कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत नांगरट उरकायची असते, आणि पावसाळाभर उघड्यावर उभा राहिलेला पलटी नांगर पलटायचं नाव घेत नाही. मग घण निघतो. माझं मत विचाराल तर नांगर पलटवणारे तेलाच्या दाबाचे सिलिंडर गंजाने जितके बाद होतात, त्याहून जास्त घणाने होतात. म्हणून एक अख्खा दिवस नुसता तयारीचा धरा आणि त्या दिवशी सिलिंडर उघडूच नका.

सगळ्यात आधी सिलिंडरच जाम आहे ना, याची खात्री हवी. होजच्या (तेलाच्या रबरी नळीच्या) टोकाचं कपलर, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचा जोड, अर्धवट बसलं असेल तर आतला व्हॉल्व्ह बंद राहतो, तेल परत यायला वाट मिळत नाही आणि चांगला सिलिंडरही दगडासारखा घट्ट वाटतो. कपलर काढून पुसा, नीट टक् आवाज येईपर्यंत बसवा, दोन्ही होज एकमेकांच्या जागी लावून पाहा. तरीही हलत नसेल तर नांगराचा पलटणारा शाफ्टच बुशमध्ये (तो ज्या कड्यात फिरतो त्यात) धरला आहे का ते बघायचं. त्यासाठी सिलिंडरची पिन काढावी लागते, आणि नेमक्या इथेच माणसं जखमी होतात. पिन निघाली की तीन-चारशे किलोचं लोखंड स्वतःच्या वजनाने कलंडू शकतं. तेव्हा चेन पुली, जाड साखळी, बाभळीचे नाहीतर निंबाचे दोन-तीन ठोकळे आणि सोबतीला एक धीराचा माणूस, एवढं जमल्याशिवाय पिनेला हात लावू नका. पिन काढल्यावर नांगर पहारीने सहज फिरला तर दोष सिलिंडरचा. नाही फिरला तर बुशला ग्रीस द्या, सिलिंडरवर उगाच खर्च नको.

होज सोडण्याआधी नांगर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि हायड्रोलिकचा लिव्हर चार-पाच वेळा मागेपुढे करा, म्हणजे अडकलेला दाब उतरतो. उन्हात तापलेल्या होजमध्ये इंजिन बंद असतानाही दाब साठलेला असतो, म्हणून हे काम सकाळी गारव्यात बरं. गळती कुठून आहे ते बोटाने चाचपून पाहू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारं तेल कातडीखाली घुसतं, जखम डास चावल्यासारखी दिसते, पण वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातसुद्धा जातो. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाचं तेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आता भिजवणं. सिलिंडर काढून दांडा वर येईल असा उभा बांधा. तेलाच्या दोन्ही तोंडांतून आणि ग्लँडच्या (दांडा जिथून बाहेर येतो त्या तोंडावरच्या झाकणाच्या) कडेने गंज सोडवणारा स्प्रे किंवा डिझेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा सोडा. मधूनमधून ग्लँडभोवती लाकडी हातोड्याने हलके ठोके द्या. ठोक्याने गंजात चिरा पडतात आणि तेल आत झिरपतं. ब्रेक ऑइल ओतायची सवय अनेकांना आहे, ती सोडा. ते हायड्रोलिकच्या नेहमीच्या रबरी सीलला चालत नाही, रबर फुगतं. तुम्ही सिलिंडरचे सील बदलणार असलात तरी त्याचा अंश ट्रॅक्टरच्या तेलात गेला तर तिथले सील कोण बदलणार? भिजवायला दोन-तीन दिवस लागले तर लागू द्या. आमच्याकडचे जुने मिस्त्री अहिराणीत एवढंच म्हणतात, घाई करानी नही.

ग्लँड कुठल्या प्रकारचा आहे ते भिजत असतानाच पाहून ठेवा, म्हणजे अवजार हुडकायला वेळ मिळतो. त्यावर दोन भोकं असतील तर तो आट्याचा असतो आणि त्याला पिनांचा पाना लागतो. छिन्नीने ठोकून फिरवला तर भोकं फाटतात आणि मग लेथवाल्याशिवाय गत्यंतर नाही. काहींना आत तारेची रिंग असते. तिथे ग्लँड बाहेर ओढायचा नसतो, आधी थोडा आत ढकलायचा, रिंग मोकळी करायची आणि मगच काढायचा.

ग्लँड सुटला तरी पिस्टन बॅरलला (सिलिंडरच्या बाहेरच्या नळकांड्याला) चिकटलेला असतोच. इथे तीन गोष्टींना साफ नकार. कॉम्प्रेसरची हवा नको, कारण दाबलेली हवा एकदम सुटली की पिस्टन गोळीसारखा बाहेर येतो. बंद सिलिंडरला गॅसचा जाळ नको, आत अडकलेलं तेल तापून सिलिंडर फुटतो. आणि दांडा ट्रॅक्टरला बांधून ओढणं नको, तो वाकतो. काम तेलाच्या दाबानेच करायचं. ६३ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरला १५० बारचा दाब मागच्या बाजूने मिळाला तर पिस्टनवर साधारण पावणेपाच टन जोर येतो. हाताच्या ग्रीस गनचा दाबही तिथवर, कधी त्याच्याही वर जातो. त्यामुळे लेथवाल्याकडून मागच्या तोंडाच्या आट्याचा एक प्लग करून त्यात ग्रीस निप्पल बसवून घ्या. तो आटा बहुधा बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाचा) असतो, तरी सोबत जुना जोड नेऊन मापूनच घ्या. बॅरल आधी तेलाने काठोकाठ भरा, मग गन मारा. नाहीतर डबाभर ग्रीस जाईल. दांड्याकडचं तोंड उघडं हवं. ते बंद राहिलं तर त्या बाजूचा दाब मागच्यापेक्षाही वर चढतो. समोर लाकूड लावा, दांड्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये. खाली घमेलं ठेवा, तेल जमिनीत मुरू देऊ नका.

बाहेर काढलेल्या दांड्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून गोलाकार घासलं की भागतं. अडकत असेल तर क्रोम गेलेलं आहे, नवे सील त्यावर एक हंगामही टिकायचे नाहीत. बॅरलला वरवरचा गंज असेल तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत) करून घ्या. खोल खड्डे असतील, दांडाही वाकलेला असेल, तर जळगाव-धुळ्याच्या फेऱ्या मारण्याआधी त्याच मापाच्या नव्या सिलिंडरचा भाव विचारा. भाव न विचारता जुन्यावर पैसे घालत बसणारे आपल्याकडे बरेच आहेत.

सील आणायला जाताना जुना सील घेऊन जा, पण माप त्याचं देऊ नका. तो फुगलेला नाहीतर झिजलेला असतो. व्हर्नियरने बोअर, दांड्याची जाडी, खाचेची रुंदी आणि खोली मोजून कागदावर लिहा. कोणता सील कोणत्या तोंडाने बसला होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा. यू सीलची उघडी बाजू दाबाकडे, वायपरचा (दांड्यावरची धूळ पुसणाऱ्या सीलचा) ओठ बाहेर, हे विसरलं की सगळं पुन्हा खोला. पिस्टनचा लॉक नट आणि ओ-रिंगा नव्याच घ्या, होजला चिरा दिसल्या तर तेही.

जोडणीसाठी शेडमधली वाऱ्याआडची जागा धुऊन घ्या. एप्रिलच्या वावटळीत उघडा बॅरल ठेवणं म्हणजे आत वाळू भरणं. पुसायला धागे न सुटणारं जुनं सुती धोतर घ्या. आपण कापसाच्या मुलखातले, हाताशी बोळा लगेच येतो. पण त्याचा एक तंतू व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी पुरे. सील कोमट तेलात बुडवून मऊ करा आणि बोटांनी बसवा, स्क्रू ड्रायव्हरने नव्हे.

ट्रॅक्टरचं तेलही बघून घ्या. पलटी नांगर ट्रॅक्टरच्याच तेलावर चालतो, आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरचं आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं. ते दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलेलं आहे. तेल आणि फिल्टर बदलल्याशिवाय नवा सिलिंडर जोडू नका. जोडल्यावर नांगराकडची पिन न लावता, दांड्यापासून लांब राहून, इंजिन मंद ठेवून सिलिंडर पाच-सहा वेळा पूर्ण आतबाहेर करा, हवा निघून जाते. मग तेलाची पातळी पाहून भर घाला, पिन लावा आणि पहिले दोन पलटे जमिनीपासून वर, जवळ कुणी नसताना द्या.