पोझला पहिल्यांदा बसणारीसाठी
खाऊन ये, पण वरणभात रेटून नको, झोप येते. चौदा वर्षं मी चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून बसते, त्यातून कळलेलं सांगते.

उभी पोझ असेल तर गुडघे ताठ आवळू नकोस. रक्त पायांत साचतं, चक्कर येते. मी एकदा तशीच कोसळले होते. गुडघे किंचित सैल ठेव, पायाची बोटं आतल्या आत हलवत राहा. वीस मिनिटांनी विश्रांती माग, लाजू नकोस. जागेवरून हलण्याआधी पावलांभोवती आणि हात टेकला असेल तिथे खडूने खूण करून घे, म्हणजे परत तशीच पोझ घेता येते. नजरेलाही जागा ठरव. मी खिडकीची कडी धरते. कडी सुटली की मान फिरते, आणि मान फिरली की मागे बसलेल्या मुलाच्या चित्रातला खांदा चुकतो.

अंगाला अवघड पीळ दोन मिनिटांच्या झटपट पोझमध्येच द्यायचा.

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. ज्योतीआड धरलेला तिचा हात बघ. तसा हात उचलून धरला की खांद्यात काय होतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून मी चित्रकाराइतकंच तिलाही मानते.

मधल्या सुट्टीत गाऊन गुंडाळून सगळ्यांचे कागद बघत फिर. तुझ्या पाठीचा कणा कुणाला नीट सापडला असेल, तर त्याला तसं सांग.