संशोधनाचा विषय विद्यार्थ्याच्या आयुष्यात मावला पाहिजे

नव्यानेच गाइडशिप, म्हणजे पीएचडीचे मार्गदर्शक म्हणून मान्यता, मिळालेल्या सहकाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी समाजशास्त्र शिकवते. माझे बहुतेक संशोधक विद्यार्थी बीड, धाराशिव, परभणीकडचे आहेत. कुणी तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवतं, कुणाच्या पदरात लहान मूल आहे, कुणाला पेरणीच्या दिवसांत गावी जावंच लागतं. मार्गदर्शन करताना विषयाच्याही आधी हे समजून घ्या.

विद्यार्थी पहिल्यांदा विषय आणतो तो साधारण असा असतो: ‘महाराष्ट्रातील ऊसतोड मजुरांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास’. हा विषय तीन माणसांनी मिळून केला तरी संपायचा नाही. पण तो फेटाळून लावू नका. पुष्कळदा विषय आणणारा स्वतः ऊसतोड करणाऱ्या घरातलाच असतो. त्याला एवढंच विचारा, ‘यातलं तुला स्वतःला काय कळत नाही?’ आणि मग गप्प बसा. माझ्या एका विद्यार्थिनीने बराच वेळ विचार करून सांगितलं, ‘मॅडम, कोयते (ऊसतोडीला जाणारी जोडपी) गेल्यावर मागं राहिलेल्या मुलींची शाळा कोण बघतं, ते मला नीट सांगता येत नाही.’ हा झाला प्रश्न. त्यात आजी आली, हंगामी वसतिगृह आलं, धाकट्या भावंडांना सांभाळणारी थोरली आली, लवकर उरकलेली लग्नं आली. त्यासाठी अख्खा महाराष्ट्र पालथा घालायची गरज नाही, दोन गावं पुरतात.

प्रश्न ठरला की वेळापत्रक विद्यापीठाच्या कॅलेंडरवरून आखू नका, ज्यांना भेटायचं त्या माणसांच्या वर्षावरून आखा. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, परततात. डिसेंबरात गावात गेलं तर आई-बाप भेटत नाहीत, पण आजी आणि मुली भेटतात. म्हणजे या विषयाला दोन फेऱ्या लागणार: एक हिवाळ्यात मागे राहिलेल्यांसाठी, दुसरी उन्हाळ्यात परतलेल्यांसाठी. हे पहिल्याच वर्षी ध्यानात आलं नाही तर एक हंगाम हातचा जातो आणि पुढच्या हंगामाची वाट बघण्यात वर्ष सरतं. मुलाखत कुठे घ्यायची हेही आधी बोलून ठेवा. टोळी नेणाऱ्या मुकादमासमोर उचलीबद्दल, म्हणजे मजुरांनी आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल, विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही, आणि सांगणाऱ्याला नंतर त्रास होतो तो वेगळाच. प्रश्नावली छापण्याआधी गावात एक चक्कर मारायला लावा. परत आल्यावर निम्मे प्रश्न विद्यार्थी स्वतःच खोडतो.

नियम पहिल्याच भेटीत सांगून टाका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमावलीप्रमाणे पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्याउपर २ वर्षांची सवलत आहे, शिवाय स्त्रियांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. बाळंतपणानंतर ‘आता आपलं काही खरं नाही’ असं समजून काम सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना हे कुणी वेळेवर सांगितलंच नव्हतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: लिहून घेणं. ‘वाचन चालू आहे’ हे उत्तर दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ स्वीकारू नका. दर पंधरवड्याला दोन पानं मागा, अगदी फील्डच्या वहीतली कच्ची टिपणंही चालतील. आणि ती आठवड्याच्या आत परत करा. आपल्याकडे प्रकरणं गाइडच्या टेबलावर चार-चार महिने पडून राहतात आणि विद्यार्थी दाराबाहेर ताटकळतो. आठवण करून द्यायची त्याची हिंमत होत नाही, कारण पुढची प्रत्येक सही आपल्याच हातात असते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी कुणाची अधिछात्रवृत्ती असेल तर प्रगती अहवालावर त्याच दिवशी सही करा. त्या पैशावर खोलीचं भाडं आणि मेसचं बिल अवलंबून असतं.

पहिल्या वाचनात शुद्धलेखनाला हात लावू नका. पानभर लाल खुणा दिसल्या की विद्यार्थी ऱ्हस्व-दीर्घ नीट करून आणतो, मुद्दा मात्र होता तिथेच राहतो. समासात एकच प्रश्न लिहा: ‘हे तुला कुणी सांगितलं, आणि तुला ते पटलं का?’

उचलेगिरीबाबत सॉफ्टवेअरच्या अहवालावर विसंबू नका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून सगळ्यांची नजर त्या आकड्यावर असते. पण इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत उतरवला, किंवा एआयकडून लिहून घेतला, तर आकडा स्वच्छ येऊ शकतो. कागद बाजूला ठेवून तोच मुद्दा गावाकडच्या बोलीत सांगायला सांगा. ज्याने विचार केलेला असतो तो सांगतो, आणि पुष्कळदा लिहिल्यापेक्षा चांगलं सांगतो. मग म्हणा, आता हेच लिही.

किती विद्यार्थी घ्यायचे? प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ ही वरची मर्यादा आहे. सगळ्या जागा भरल्याच पाहिजेत असं नाही. जेवढ्यांची पानं वेळेत वाचून होतील तेवढेच घ्या. घेतलेल्यांना आपल्या पेपर तपासणीला, बँकेच्या कामांना, घरच्या कार्याला जुंपू नका. त्यांच्या लेखावर स्वतःचं नाव घालायचं असेल तर त्या लेखात आपलं काम काय, हे त्यांच्यासमोर सांगता आलं पाहिजे.

व्हायव्हाआधी, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेआधी, विभागातल्या एम.ए.च्या मुलांसमोर त्यांना एकदा बोलायला लावा, एम.ए.ची मुलं अवघड प्रश्न विचारतात. आणि प्रत्यक्ष व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकाने काही विचारलं की मध्ये पडू नका. विद्यार्थी थांबला, पाणी प्यायला, कागद चाळू लागला तरी थांबा. उत्तर त्यालाच देऊ द्या.