ठाण्यात मूल घ्यायला येताय? आधी घर लावा

भारतातून मूल दत्तक घेणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी जोडप्यांचे फोन मला साधारण एकाच टप्प्यावर येतात. रेफरल, म्हणजे सुचवलेलं मूल, स्वीकारलेलं असतं, आय-८०० या अमेरिकन अर्जाची प्राथमिक मंजुरी आलेली असते, काराची (भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची) एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आज येईल की उद्या अशी घालमेल चालू असते. आणि प्रश्न असतो, ‘ताई, ठाण्यात कमीत कमी किती दिवस राहिलं तर भागेल?’ माझं उत्तर त्यांना आवडत नाही, पण मी ते दरवेळी देते. कमीत कमी नाही, जास्तीत जास्त किती राहता येईल ते बघा. दोघांना जमत नसेल तर एकाने तरी राहा.

कारण सांगते. एनओसी आल्यावर मूल तुमच्याकडे दत्तकपूर्व संगोपनासाठी राहू शकतं. हमीपत्र लिहून द्यायचं, आणि अंतिम आदेश होईपर्यंत मुलासह भारतातच राहायचं. बरेच जण हा पर्याय सोडून देतात. आदेश झाल्यावर येतात, पासपोर्ट आणि व्हिसा घेतात आणि मुलाला थेट न्यू जर्सीत, एडिसनच्या थंडीत नेतात. आपण ओसीआयवाले, म्हणजे मूळ भारतीय पण परदेशी नागरिक. भारतातले आणि एनआरआय (परदेशी राहणारे भारतीय नागरिक) पालक झाले की मग आपला नंबर लागतो, म्हणून आपल्याला येणारी रेफरल्स बहुतेक मोठ्या मुलांची, भावंडांची नाहीतर विशेष गरजा असलेल्या मुलांची असतात. तीन-चार वर्षांच्या मुलाची संस्थेत सांभाळणारी मावशी, भाषा, जेवण, हवा, सगळं एकाच आठवड्यात काढून घेणं मला क्रूर वाटतं. ठाण्यात राहिलात तर मुलासाठी फक्त घर आणि माणसं बदलतात. भाषा तीच राहते, वरणभात तोच, खाली भाजीवाल्याची हाकही तीच.

वेळेचा अंदाज असा. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. अर्ज मूल ज्या दत्तक संस्थेत आहे ती संस्था करते, तुम्ही नाही, आणि तो संस्था ज्या जिल्ह्यात आहे तिथे जातो. नवी मुंबईच्या बाबतीत इथे गोंधळ होतो. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत, पण खारघर आणि पनवेल रायगडमध्ये. म्हणजे संस्था खारघरची असेल तर फाइल अलिबागला जाणार. घर शोधण्याआधी हे विचारून घ्या.

काम ठाण्याच्या कलेक्टर ऑफिसचं असेल तर ते कोर्ट नाक्यावर आहे. त्यामुळे नौपाडा, पाचपाखाडी किंवा राम मारुती रोडच्या आसपास जुन्या इमारतीत दोन खोल्या मिळाल्या तरी मी त्या घोडबंदरच्या नव्या टॉवरपेक्षा पसंत करेन. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं, रडणारं मूल आणि हातात कागदांची फाइल, हे टाळता येत असेल तर टाळा. संस्था नवी मुंबईत असेल तर वाशी-नेरूळला राहा, ठाण्याला यायला ट्रान्स-हार्बर लोकल आहे. थोड्या महिन्यांसाठी लीव्ह अँड लायसन्स करायला घरमालक कां-कूं करतात. पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती द्यावी लागते, सोसायटीचे सेक्रेटरी चार प्रश्न विचारतात. आधीच जाऊन त्यांना भेटा आणि खरं सांगा. लहान मूल येणार म्हटल्यावर माणसं मऊ होतात. खिडक्यांना ग्रिल आहे ना आणि मच्छरदाणी लावता येते ना, एवढं नक्की बघा.

पैशांचं थोडक्यात: एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं) असेल तर काही बँका अमेरिकन नंबरवरही यूपीआय चालू करून देतात. निघायच्या आधी करून घ्या, नाहीतर रिक्षापासून दुधापर्यंत सुटे शोधत फिराल. आणि संस्थेला ठरलेल्या शुल्काशिवाय देणगी देऊ नका, कुणी सुचवली तरी. नियमांनी ती मनाई आहे. जे द्याल त्याची पावती घ्या.

आता खरं काम. मूल घरी आणायच्या आधी संस्थेतल्या मावश्यांजवळ बसा. कलेक्टर ऑफिसमध्ये जेवढे तास घालवाल त्याहून जास्त तास इथे घालवा. सकाळी किती वाजता उठतं, नाचणीचं सत्त्व गोड लागतं की मिठाचं, कुठल्या भांड्यातून पाणी पितं, झोपताना कोण थोपटतं, काय गुणगुणतं, कशाला घाबरतं. वहीत लिहून काढा. मावशी मुलाला ज्या नावाने हाक मारते तीच हाक तुम्हीही मारा. कागदावर दुसरं नाव घालायचं असेल तर घाला, पण ओठावरचं नाव एकदम बदलू नका.

संस्थेत रात्री दिवा चालू असतो आणि शेजारी दहा मुलांचे श्वास असतात. वेगळी सजवलेली खोली, अंधार आणि शांतता या मुलाला भीतीदायक वाटते. गादी खाली टाका, तुमच्या गादीला लागून, आणि बारीक दिवा राहू द्या. जेवण घाईने संपवेल, पोळीचा तुकडा उशीखाली ठेवेल. रागावू नका, काढूनही घेऊ नका. त्याच्या हाताला लागेल असा एक डबा ठेवा, त्यात राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे. डबा कधीच रिकामा होत नाही हे कळलं की लपवणं हळूहळू थांबतं. पास्ता आणि सीरियल इथे सुरू करायची घाई नको, त्याला उभं आयुष्य पडलंय.

मूल पहिल्याच दिवशी कुणाच्याही कडेवर जाईल. पाहुणे म्हणतील, किती छान, लगेच रुळलं! हे रुळणं नाही. पाळीपाळीने बदलणाऱ्या हातांची ती सवय आहे. म्हणून पहिले काही आठवडे भरवणं, आंघोळ, झोपवणं फक्त तुम्ही दोघांनी करायचं. आजी-आजोबांना हे सांगणं अवघड जातं. आजीला म्हणा, खिमट तू शिजव, भरवेन मी. बारशाचा मोठा कार्यक्रम पुढे ढकला, डोंबिवली-कल्याणचे सगळे नातेवाईक एका रविवारी बोलवू नका. संध्याकाळी तलावपाळीवर एक चक्कर पुष्कळ आहे, रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने. शेजारच्या काकूंनी ‘कुणाचं हो?’ विचारलं तर ‘आमचं’ म्हणा आणि पुढे चला. त्याच्या आधीच्या आयुष्याची हकीकत त्याची आहे, जिन्यात वाटायची नाही.

फोटोंबद्दल कडक राहा. अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बंदी आहे, शिक्षाही आहे. आदेशाआधी फॅमिली ग्रुपवर एकही फोटो जाता कामा नये. मामाला सांगून ठेवा, तोच पहिला फॉरवर्ड करतो.

जवळचा एक बालरोगतज्ज्ञ पहिल्या आठवड्यात गाठा, लसीकरणाचं कार्ड आणि संस्थेचा वैद्यकीय अहवाल दाखवा. व्हिसासाठीची तपासणी मात्र अमेरिकन दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरकडेच होते, आणि दोन वर्षांवरच्या मुलाची टीबीची रक्तचाचणीही त्यात असते. पुढच्या चाचण्या निघाल्या तर वेळ लागतो, म्हणून ती शेवटच्या चार दिवसांवर ठेवू नका.

आदेशानंतर जन्मदाखला तुमच्या नावाने निघतो, मग भारतीय पासपोर्ट. ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. दत्तक आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे झाल्याचं काराचं अनुरूपता प्रमाणपत्रही लागतं. दत्तक मुलांचे व्हिसा दिल्लीच्या दूतावासात होतात, तेव्हा तुम्हाला मुलाला घेऊन दिल्लीला जावंच लागेल. त्या दोन तासांच्या विमानप्रवासात कान दुखतात का, पट्टा बांधून बसतं का, हे कळतं. पुढच्या लांब प्रवासाची तयारी त्यावरून करा.

निघण्याच्या आठवड्यात संस्थेची परवानगी काढून मुलाला मावश्यांचा निरोप घ्यायला न्या. ते रडेल म्हणून टाळू नका. मावशीने त्याला तोंडाने ‘जा बाळा, आईबरोबर जा’ म्हटलेलं त्याने ऐकायला हवं.

पालकांपैकी एक जरी अमेरिकन नागरिक असेल आणि मूल आयएच-३ व्हिसावर (भारतातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलाचा व्हिसा) येत असेल, तर तिथे उतरताच ते नागरिक होतं. मूल कसं रुळतंय याचे भारताकडे पाठवायचे अहवाल मात्र सुरू राहतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. तुमच्या अमेरिकेतल्या दत्तक एजन्सीच्या सोशल वर्करच्या तारखा आत्ताच ठरवून ठेवा. आणि घरात मराठी बोलत राहा, निदान मुलाला इंग्रजीत ‘भूक लागली’ आणि ‘भीती वाटते’ म्हणता येईपर्यंत तरी.