मेल जाऊन नाही राहिला? आधी या चुका टाळा

"भाऊ, मेल जाऊन नाही राहिला." असा फोन आला की मी एवढंच विचारतो, स्क्रीनवर काय लिहून आलं? उत्तर ठरलेलं असतं. "काहीतरी इंग्रजीत होतं, बंद करून टाकलं." आमच्या दारव्हा-दिग्रसकडे घरोघरी कॉम्प्युटर आले, पोट्टे भराभर टायपिंग शिकले, पण समोर आलेल्या दोन ओळी वाचायची सवय काही कोणाला लागली नाही. इंग्रजी समजत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी बाकी काही मागत नाही.

'मेलर डेमन' या नावानं परत आलेला मेल व्हायरस समजून डिलीट करू नका. आपण मेल पाठवला आणि लगेच हा आला, तर कारण त्यातच लिहिलेलं असतं. त्यातला तीन आकडी कोड शोधा. ४ नं सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर, म्हणजे मेल पोचवणारा पलीकडचा कॉम्प्युटर, स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, तुम्ही हात लावू नका. ५ नं सुरू होत असेल तर विषय संपला, तोच मेल तसाच दहादा पाठवून उपयोग नाही. ५५० आणि पुढे ५.१.१ दिसलं तर त्या पत्त्यावर खातंच नाही. बहुतेकदा 'डॉट कॉम'चं 'डॉट कॉन' झालेलं असतं, नाहीतर पत्ता कॉपी करताना शेवटी एक टिंब चिकटून आलेलं असतं. ५.२.२ म्हणजे समोरच्याची पेटी भरली. त्याला फोन करा.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. कॉम्प्युटरची तारीख.

वरूडकडच्या एका संत्रा व्यापाऱ्याचा किस्सा सांगतो. आंबिया बहाराची तोडणी जोरात, गाड्या भरून चाललेल्या, आणि आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममधून बिलं जाणं बंद. दरवेळी सर्टिफिकेटची तक्रार करणारी खिडकी उघडायची. पोरानं पासवर्ड बदलला, नंतर व्हिडिओ पाहून अँटीव्हायरस काढून टाकला. शेवटी तालुक्यावरून एक दुरुस्तीवाला आला, त्यानं खिडकी न वाचताच सगळा कॉम्प्युटर फॉरमॅट केला. मोटारीचा फ्यूज उडाला म्हणून विहीर बुजवण्यातला प्रकार! खातं पॉप पद्धतीचं होतं, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरून कॉम्प्युटरवरच साठायचे. कित्येक हंगामांची बिलं, दलालांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं गेलं. आणि नव्या विंडोजवर खिडकी पुन्हा तीच. मी गेलो तर खालच्या उजव्या कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१२.

प्रत्येक मेल सर्व्हरच्या सुरक्षा सर्टिफिकेटला, म्हणजे त्याच्या ओळखपत्राला, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटर २०१२ मध्ये अडकला असेल तर त्याच्या हिशेबानं ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो जोडणी नाकारतो. त्याचं काही चुकत नाही. ब्राउझर तर घड्याळ मागं आहे हे सरळ सांगतो, पण वाचतो कोण? घड्याळ चालवणारी मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी, सीआर २०३२, मुख्यतः प्लगची वीज बंद असतानाच खर्च होते. आपल्याकडे लोडशेडिंग, त्यात विजा कडाडल्या की प्लग काढून ठेवायची पद्धत (ती चांगलीच आहे), त्यामुळे ती शहरापेक्षा लवकर बसते. बॅटरी किरकोळ किमतीत मिळते. प्लग काढा, ती बदला, तारीख लावा. मी तर कोणाच्याही घरी गेलो की खुर्चीवर बसायच्या आधी तो कोपरा पाहतो.

पासवर्ड बरोबर असूनही थंडरबर्ड किंवा जुनं आउटलुक जीमेलचं खातं घेत नसेल, तर पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलू नका. ३० मे २०२२ पासून गूगलनं वैयक्तिक खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये नुसत्या पासवर्डनं लॉगिन करणं बंद करायला घेतलं. प्रोग्रॅम नवा असेल तर गूगलची स्वतःची लॉगिन खिडकी उघडते, तिथून आत जा. जुनाच ठेवायचा असेल तर खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करून त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड बनवा आणि तोच टाका. 'सिक्युरिटी बंद करा, मेल चालू होईल' असं सांगणारा व्हिडिओ दिसला तर तो व्हिडिओच बंद करा.

मेल प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये पाठवायचा पोर्ट, म्हणजे मेल ज्या दारानं बाहेर जातो त्याचा नंबर, २५ ठेवू नका. घरगुती इंटरनेटवर तो बहुतेक ठिकाणी अडवलेला असतो. ५८७ किंवा ४६५ टाका.

पत्ता टाइप करताना मराठी कीबोर्ड चालू राहिला तर अ‍ॅटचं चिन्ह सापडत नाही. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकदम दाबा.

सातबारा, पासबुक, आधार यांचे मोबाइलनं काढलेले फोटो जसेच्या तसे जोडणं, हीही रोजचीच गोष्ट. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण पाठवताना जोडलेली फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते, म्हणून मी १५ च्या वर जातच नाही. २५ च्या मर्यादेहून मोठी फाइल असली की जीमेल ती ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवतं, आणि परवानगी द्यायची राहिली तर पलीकडचा साहेब म्हणतो, फाइल उघडतच नाही. कागद करड्या रंगात, १५० डीपीआयवर स्कॅन करून एक पीडीएफ बनवा. सगळं वाचता येतं.

जीमेलची १५ जीबी जागा फोटो आणि ड्राइव्ह यांच्यातही वाटली जाते. गुड मॉर्निंगच्या फोटोंनी ती भरली की मेल येणंही थांबतं आणि जाणंही.

मेल आउटबॉक्समध्ये अडकला तर सेंड, सेंड, सेंड करू नका. आधी 'वर्क ऑफलाइन'चं बटण चुकून दाबलं गेलं नाही ना, ते पाहा. मग थांबा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर व्हिडिओ छान चालतो म्हणून पाठवायचा वेगही तेवढाच असतो असं नाही, तो बऱ्याचदा कितीतरी कमी असतो. मोठा मेल मी रात्री जेवण झाल्यावर पाठवतो, इन्व्हर्टर चालू आहे हे पाहून, आणि तो 'सेंट'मध्ये दिसेपर्यंत कॉम्प्युटर बंद करत नाही.